विहिणीच्या घरी न झोपण्याची पद्धत

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मन मोकळं. माझ्या लेकीची सोयरीक मी ढेकणांपायी मोडायच्या बेताला आणली होती. ढेकूण खरे असते तर एक वेळ ठीक. पण तेव्हा ते फक्त माझ्या डोक्यात होते, आणि ते अंगावर येऊ नयेत म्हणून मी होणाऱ्या विहिणीच्या अंगणात उभी राहून, चार माणसांदेखत, एक पद्धत शोधून काढली. म्हटलं, "आमच्यात सोयरीक पक्की होईपर्यंत पोरीच्या मायनं पोराच्या घरी झोपू नाई, अशी रीत आहे."

अशी रीत वरोऱ्यात नाही. माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, जगात कुठे असेल असंही वाटत नाही. ती माझ्या तोंडातून निघाली तेव्हा तिचं वय एक सेकंद होतं. पण मी ती अशा ठसक्यात सांगितली की ऐकणाऱ्या बायांनी माना डोलावल्या. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. बावन्न वर्षांची बाई अक्कल आली असं समजून चालते, हाच तिचा घोळ असतो.

आता ढेकणांचं माझं दुखणं कुठून सुरू झालं ते सांगते. मी वरोऱ्यात शिवणक्लास चालवायची. त्याआधी कधीतरी आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला एका मोठ्या शहरात गेले होते. राहायची सोय एका वसतिगृहात होती. तिथून मी प्रमाणपत्र आणलं, नव्या पद्धतीची कैची आणली, आणि बॅगेच्या शिवणीत बसून आलेली एक ढेकणांची जोडी आणली. जोडीच असावी, कारण महिन्याभरात तिचा संसार आमच्या दिवाणात, सोफ्यात आणि क्लासच्या पोरींच्या बसायच्या सतरंजीत पसरला. दोन महिने मी उकळतं पाणी ओतत होते. गाद्या गच्चीवर, उशा गच्चीवर, आमचे हे व्हरांड्यात. चावण्याचं दुःख नव्हतं. शेजारची बाई आमच्याकडे आली की दिवाणावर न बसता उभ्याउभ्या बोलायची आणि "घाईत आहो" म्हणायची, ते झोंबायचं. ती बाई जन्मात कधी घाईत नव्हती.

तेव्हापासून प्रवास म्हटला की माझा बंदोबस्त सुरू. पांढरी चादर सोबत, कारण पांढऱ्यावर ढेकूण दिसतो. पिशवी कधी जमिनीवर ठेवायची नाही, खिळा शोधून टांगायची. पलंग भिंतीपासून हातभर ओढायचा. मग मोबाइलचा उजेड लावून गादीची शिवण तपासायची, आणि त्यासाठी पदराला एक सुई कायम टोचलेली. शिवणारी बाई असल्यामुळे मला ठाऊक होतं, कापडात लपायच्या जागा कुठे असतात. दुमड, किनार, बटणाखालची खाच. परत आल्यावर कपडे मागच्या दारीच उतरवून थेट गरम पाण्यात. आमचे हे म्हणायचे की कस्टमवाले सोन्यासाठी एवढी झडती घेत नसतील. भाच्याच्या लग्नात मी वऱ्हाडाच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढली होती. सगळ्यांना वाटलं, मामी जबाबदारीनं दागिन्यांवर पहारा देत आहे. मी तो मान मुकाट्यानं घेतला.

तर अशा या बाईची लेक गडचिरोलीकडे दवाखान्यात नर्स म्हणून लागली, आणि तिथल्याच लॅबमधला एक मुलगा तिला आवडला. मुलगा वडशाजवळच्या गावचा, धानाची शेती, आईवडील, एक लग्न झालेली बहीण. लेकीनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनी एक रात्र नाराज राहायचं ठरवलं होतं, पण सकाळपर्यंत टिकलं नाही. मुलगा चांगलाच होता. दिवाळी झाल्यावर त्यांच्याकडून बोलावणं आलं: मंडईला या.

आमच्या वरोऱ्याकडे कापूस आणि सोयाबीन. मंडई म्हणजे आम्हाला भाजीची. तिकडे झाडीपट्टीत मात्र धान कापायला आलं की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकीबाळी येतात, सोयरे येतात, आणि सोयरे व्हायचे असलेलेही येतात. मुलगी दाखवायची, मुलगा पाहायचा, ते सगळं जिलबी खाताखाता होऊन जातं. हे मला लेकीनं सांगितलं होतं. मी ऐकलं त्यातलं एकच: घरात तीस-चाळीस पाहुणे. म्हणजे तीस-चाळीस पिशव्या. पुढचं मी ऐकलंच नाही.

चांदा फोर्टहून गाडी धरून आम्ही तिघं दुपारी वडशाला उतरलो आणि ऑटोनं गावात पोचलो. घर मोठं, शेणानं सारवलेलं अंगण, दारासमोर ऊस बांधलेला. होणारी विहीण माझ्याच वयाची, काटक, नाकात मोठी लवंग, आणि कमी बोलणारी. मी पिशवी खांबाच्या खिळ्याला टांगली. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, लाखोळीच्या डाळीचे वडे दिले, आणि मी चवथा वडा घेतला तेव्हा पाचवा न विचारता ताटात टाकला. मला ती बाई तिथंच आवडली. पण ओसरीच्या कोपऱ्यात मला वाकळांचा ढीग दिसला, आणि पाचवा वडा तसाच हातात राहिला.

कमरेएवढा ढीग होता. जुन्या लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या वाकळा. टाके इतके बारीक आणि सरळ की माझ्या क्लासच्या पोरींना दाखवायला न्याव्यात. दुसऱ्या वेळी मी त्या कुरवाळत बसले असते. त्या दिवशी मला प्रत्येक टाक्याखाली एकेक ढेकूण पाय पोटाशी घेऊन बसलेला दिसत होता. ओसरीवर कोणी नाही असं पाहून मी पदराची सुई काढली, वरच्या वाकळीची किनार उलटली आणि टोकरू लागले.

मागून विहिणीचा आवाज आला, "काय पाहून राह्यल्या बाई?"

मी म्हटलं, टाका पाहून राह्यली. तुमचा हात लय सुंदर आहे.

तिचा चेहरा उजळला. मग तिनं मला एकेक वाकळ उलगडून दाखवली. ही सासूच्या लुगड्याची, ही मुलाच्या बारशाची, ही यंदा पावसाळ्यात शिवली. मी मान हलवत होते आणि हळूहळू मागे सरकत होते. इतक्या मायेनं कोणी काही दाखवत असताना त्यापासून अंतर राखायला फार कसब लागतं. ते माझ्यात होतं.

संध्याकाळी तिनं सहज विचारलं की रात्री तुमचं आंथरूण कुठी टाकू, आणि तेव्हा मी ती एका सेकंदाची पद्धत सांगून टाकली. वडशाला लॉजवर राहते म्हटलं, सकाळी येते. एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं, अशी रीत आहे का तुमच्याकडे. मी म्हटलं, पहिल्यापासून. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, साथ द्या म्हणून. ते नाटकाचे वेडे. गावात दोन दिवसांपासून भोंग्यावर त्या रात्रीच्या नाटकाची जाहिरात चालली होती. त्यांनी वडा संपवला, हात झटकले आणि गंभीरपणे म्हणाले, "रीत मायची आहे. बापाले लागू नाई."

त्यावर सगळे हसले. माझ्या नवऱ्यानं माझ्याच खोट्यातून स्वतःपुरती वाट काढली होती, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

लेकीला घेऊन मी ऑटोत बसले. मुलाचे वडील रस्त्यापर्यंत आले, ऑटोवाल्याला सावकाश ने म्हणून सांगितलं, पण माझ्याकडे पाहून हसले नाहीत. लेक तर गावाबाहेर पडेपर्यंत मोबाइलमध्ये तोंड घालून होती. मग तिनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. म्हणाली, "आई, तुले काही समजलं का, तू काय केलं ते?"

मग तिनं जे सांगितलं ते तिनं मला आठ दिवसांआधीही सांगितलं होतं, पिशव्या मोजण्याच्या नादात माझ्या कानावरून गेलं होतं. त्यांच्या गावात मुलीची माणसं मंडईला येऊन मुक्काम करून गेली की जमलं असं समजतात. आणि मुलीची आई जेवून, पाय धुऊन, उजेडात निघून गेली की तो नकार. तोंडानं बोलायला लागू नये, कोणाला वाईट वाटू नये, म्हणून केलेली सोय. मुलाचा निरोप आला होता: घरात सगळे गप्प आहेत, आई चुलीपाशी बसली आहे, काकाजी, म्हणजे आमचे हे, राहिले पण ते नाटकासाठी असं म्हणतात. लेक रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. ती नुसती बाहेर धान कापलेल्या बांध्यांकडे बघत होती.

मी म्हटलं, ऑटो फिरवू. ती म्हणाली, आता रीत सांगून बसली ना, फिरून काय सांगशीन. आणि हे खरं होतं. परत जायचं तर खरं कारण सांगावं लागणार, आणि खरं कारण म्हणजे तुमच्या वाकळांची मला किळस आली. जिनं त्या शिवल्या तिला हे कसं सांगायचं?

लॉजवर मी माझा सगळा बंदोबस्त केला. गादीची शिवण नि शिवण तपासली, पलंग ओढला, पिशवी टांगली, पांढरी चादर घातली. काही सापडलं नाही. सगळं डोकं त्या अंगणात अडकलं होतं तरी हातांनी आपलं काम चोख केलं, असं म्हणून मी आडवी झाले. पलंगाच्या डोक्याशी प्लायवूडची शोभेची फळी होती. तिच्या मागे पाहायचं मला सुचलं नाही. ते सगळे तिथेच होते. लेक रागानं खुर्चीवर बसून राहिली म्हणून वाचली. मला उठवलं ते मानेवरच्या खाजेनं, आणि चादरीवर, माझ्याच पांढऱ्या चादरीवर, जवसाच्या दाण्यासारखे ते टुमटुमीत होऊन घरी निघाले होते.

या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट मला सकाळी कळली. त्या रात्री त्या गावात कोणी झोपलंच नव्हतं. नाटक पहाट होईपर्यंत चालतं. सगळं गाव, सगळे पाहुणे, म्हाताऱ्या आज्या, तान्ही पोरं, सगळे बांधीतल्या मांडवात. ज्या घरात झोपावं लागेल म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्या घरात रात्री कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही पुन्हा त्या अंगणात. मी रस्ताभर घोकत आले होते की पायऱ्या चढायच्या, चुलीपाशी जायचं, विहिणीचा हात धरायचा आणि काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. अंगणात पाहुणे चहा पीत होते. आमचे हे तांबरलेल्या डोळ्यांनी मुलाच्या वडिलांना विनोदी नटाची नक्कल करून दाखवत होते, आणि वडील नाइलाजानं हसत होते. मुलगा खांबाला टेकून उभा होता. विहीण तांब्या घेऊन दारात आली. तिचेही डोळे लाल, पण नाटकानं झाले असं वाटलं नाही. ती म्हणाली, "या बाई. आत या."

आणि मी पाऊल उचललं ते तसंच खाली ठेवलं. माझ्या अंगावर, पदरात, पिशवीत, लॉजचे किती पाहुणे बसले होते देव जाणे. बॅगेतून एक जोडी घरात आली की काय होतं ते मी दोन महिने भोगलं होतं. ज्या बाईनं मला पाचवा वडा वाढला, तिच्या ओसरीवर, त्या वाकळांपाशी मी हे घेऊन जाऊ?

मी म्हटलं, मी इथंच बरी.

अंगणातले कप थांबले. कालचा नकार तोंडाचा नव्हता, आजचा सरळ तोंडावर. आजीनं हळूच "बाप्पा" म्हटलं. लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मी नजर खाली घालते. विहिणीनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, हळू आवाजात, पण सरळ, "माह्या पोरात काही खोट दिसली का?"

मग माझ्यात काही उरलंच नाही. मी तिच्यापासून हातभर मागे सरले आणि सगळं सांगितलं. पोरात खोट नाही, तो लाखात एक आहे. खोट माझ्यात आहे. रीत-बीत काही नाही, मी बनवली. तुमच्या वाकळांत ढेकूण असतील म्हणून मी भेली. टाका पाहत नव्हते, ढेकूण शोधत होते. अन् तुमच्याकडे काही नव्हतं, ते लॉजवर होते, आता माझ्या अंगावर आहेत, म्हणून आत येत नाही. आणि पुरावा म्हणून मी मान वळवून पदर बाजूला केला. एका रांगेत उठलेल्या गांधी होत्या, तुरपाई घातल्यासारख्या.

विहिणीनं त्या नीट पाहिल्या. मला वाटलं आता ही काही बोलणार, आणि ते मला जन्मभर पुरणार. तिनं माझा दंड धरला, तोही पदर न लागू देता, दोन बोटांत, आणि मला घराला वळसा घालून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, घेऊन गेली. तिथं चुलीवर पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी उकळत होतं, भलामोठा हंडा. तिनं मला न्हाणीच्या आडोशाला उभं केलं, लुगडं, पोलकं, पिशवी, पांढरी चादर, सगळं मागितलं आणि लाकडानं दाबून दाबून हंड्यात बुडवलं. सुईसुद्धा. हे सगळं ती इतक्या सवयीनं करत होती की मला शंका आली.

कपडे ढवळताढवळता तिनं सांगितलं, आवाज बारीक करून, समोरच्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्याकडेही एकदा असंच झालं होतं, मंडईच्या पाहुण्यांतून. दोन वर्षं निघत नव्हते. तेव्हापासून ती मंडईच्या आधी एकूणएक वाकळ याच हंड्यातून काढते, उन्हात कडक करते, आणि पाहुण्याचं आंथरूण घरात टाकतच नाही. मागं खळ्यात यंदाची नवी धानाची तनस, म्हणजे पेंढा, हातभर जाड पसरते, तिच्यावर वाकळ. पहाटे नाटकाहून आलेली माणसं तिथं पडतात आणि म्हणतात, काय ऊब आहे, काय माया आहे. पाहुणे गेले की ती तनस थेट खताच्या खड्ड्यात आणि वाकळा पुन्हा हंड्यात. नवऱ्यालाही तिनं हे कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं, तनशीचा मान आहे.

म्हणजे मी तिच्या वाकळांना भीत होते आणि ती माझ्या पिशवीला.

मी न्हाणीच्या आडून विचारलं, "मंग काल मी आली तवा तुमी माह्या पिशवीले भेल्या का?"

"नाई कशी," ती म्हणाली. "तुमी खिऱ्याले टांगली म्हून जीव खाली पडला."

मग मी हसायला लागले आणि तीही. तिचं हसणं आवाज न करता, खांदे हलवून. आम्ही दोन बावन्न-पंचावन्नच्या बाया, एक अर्धी ओली, एकीच्या हातात लाकूड, आणि हंड्यात ढेकणांचा रस्सा. समोरून लेक घाबरून पाहायला आली. आम्हाला तसं पाहून काही न विचारता परत गेली. पुढे अंगणात तिनं काय सांगितलं माहीत नाही, पण तिकडचे कप पुन्हा वाजायला लागले.

गरम पाण्यानं मला न्हाऊ घातल्यावर विहिणीनं आपलं लुगडं दिलं. ते मला दोन विती आखूड. मग खळ्यात, उन्हात, कोवळ्या तनशीवर एक वाकळ टाकली. यंदा पावसाळ्यात शिवलेली. म्हणाली, कपडे वाळेपर्यंत बसा, मी चहा आणते. मी बसले. तनशीला गोडसर वास येत होता. पलीकडे कोणीतरी जिलबीवरून भांडत होतं. शिवण तपासावी असं मनात आलं, पण सुई हंड्यात होती. मी किनारीवर नुसती बोटं फिरवली, टाके मोजले, सात, आठ, नऊ, आणि पुढचं मला ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, अंगावर दुसरी वाकळ होती, आणि खळ्याच्या कडेला पाहुण्यांची ही गर्दी. आमचे हे, मुलाचे वडील, आजी, लेक आणि तिच्या शेजारी तो मुलगा, कालपेक्षा बराच जवळ उभा. सगळे माझ्याचकडे पाहत होते. चहा थंड होऊन गेला होता. मी गडबडून उठायला लागले, आखूड लुगडं सावरत. विहीण माझ्याजवळ वाकली, माझ्या केसांतली एक काडी काढली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इहीनबाई, दोन घंटे झोपल्या तुमी आमच्या घरी, अन् घोरल्या बी, साऱ्या पाहुण्यायनं आयकलं. आता तुमाले नाई म्हनता येत नाई."